गोठवलेले भ्रूण आणि संमतिपत्रातला तिसरा पर्याय: नागपुरातील एका आयव्हीएफ केंद्राच्या सेवेविषयी

नागपुरात धंतोली आणि रामदासपेठ या भागांत आयव्हीएफ केंद्रे आता बरीच झाली आहेत. त्यांच्याविषयी वाचायला मिळणारे अभिप्राय बहुतेक डॉक्टरांचा स्वभाव, एकूण खर्च आणि गर्भ राहिला की नाही, एवढ्यापुरतेच असतात. उपचार संपल्यानंतर जी सेवा वर्षानुवर्षे चालू राहते, म्हणजे उरलेले भ्रूण गोठवून सांभाळणे आणि पुढे त्यांचे काय करायचे याची दांपत्याकडून संमती घेणे, तिच्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. आम्ही पतिपत्नी या सेवेचे ग्राहक आहोत. आमची मुलगी याच केंद्रातल्या उपचारांतून झाली आणि तिच्या वेळी तयार झालेले तीन भ्रूण आजही तिथे आहेत. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या उणिवा मला सांगायच्या आहेत त्या या एकाच केंद्राच्या असतील असे मला वाटत नाही, आणि नाव दिले की सगळी चर्चा त्या नावाभोवतीच फिरत राहते.

आधी चांगले ते सांगते, कारण ते खरोखर चांगले आहे. भ्रूण उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवले जातात. या टाक्यांना वीज लागत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात वीज गेली तर काय होईल, ही आमची पहिली धास्ती निराधार होती. नायट्रोजन मात्र सतत उडत असतो आणि वेळेवर भरला नाही तर सगळेच संपते. मे महिन्यात बाहेर 45 अंशांचे ऊन असताना आम्ही ती खोली पाहण्याची परवानगी मागितली आणि कोणतीही कुरकुर न करता ती मिळाली. प्रत्येक टाकीजवळ एक जाड नोंदवही दोरीने बांधलेली होती. त्यात तारीख, पट्टी बुडवून मोजलेली नायट्रोजनची पातळी आणि दोन सह्या असे रकाने होते, आणि मी चाळली तेवढ्या पानांत एकही रकाना रिकामा नव्हता. एम्ब्रिऑलॉजिस्ट, म्हणजे प्रयोगशाळेत भ्रूण हाताळणाऱ्या तज्ज्ञ बाईंनी जाड हातमोजे आणि चष्मा घालून झाकण उघडले, पांढऱ्या वाफेतून भ्रूण ठेवलेल्या नळीची दांडी जराशी वर घेतली, तिच्यावरचा क्रमांक आणि आम्हा दोघांची नावे मोठ्याने वाचली. शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याने तो क्रमांक वहीशी ताडून पुन्हा उच्चारला, मग दांडी लगेच खाली गेली. दोन माणसांनी पडताळल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही, ही शिस्त पाहुण्यांसमोरही मोडली गेली नाही, याचे मला विशेष वाटले. साठवणुकीचे वार्षिक शुल्क रास्त आहे, पावती मिळते आणि नूतनीकरणाची आठवण वेळेवर येते.

अडचण सुरू होते ती संमतिपत्रापाशी. नूतनीकरणाच्या वेळी जो कागद समोर येतो त्यात भ्रूणांविषयी तीन पर्याय दिलेले असतात: साठवणूक चालू ठेवावी, भ्रूण नष्ट होऊ द्यावेत, किंवा ते संशोधनासाठी द्यावेत. प्रत्येकापुढे एक छोटा चौकोन. पहिल्या पर्यायाखाली शुल्काचा तपशील आहे आणि दुसऱ्याखाली दोघांच्या सह्यांची अट आहे. तिसऱ्याखाली काहीच नाही. कोणते संशोधन, कोणाचे, कोणत्या संस्थेत, कोणाच्या पैशाने, कशासाठी, यांपैकी एक शब्दही तिथे नाही. कागद केवळ इंग्रजीत आहे. रामटेक, काटोल, उमरेड इथून येणारी कितीतरी जोडपी या केंद्रात असतात आणि त्यांच्यापुढेही हाच कागद ठेवला जातो. मराठी प्रत मागितल्यावर ती तयार होत असल्याचे सांगण्यात आले. समुपदेशकांचे वागणे अत्यंत आपुलकीचे होते, परंतु तिसऱ्या पर्यायाविषयी विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘मॅडम, बहुतेक जण दुसऱ्यावरच खूण करतात.’ संशोधन म्हणजे नेमके काय, असे पुन्हा विचारले तेव्हा उत्तर आले की नव्या एम्ब्रिऑलॉजिस्टचा हात बसावा म्हणून असे भ्रूण वापरले जातात.

इथे मला थांबून स्पष्टपणे लिहायचे आहे. नवशिक्या तंत्रज्ञांचा सराव ही उपयुक्त गोष्ट आहे, आणि तशी गरज असेल तर तिच्यासाठी वेगळी, उघड संमती मागावी. ते संशोधन नव्हे. ज्या दांपत्याने आपले भ्रूण एखाद्या आजारावरच्या अभ्यासाला उपयोगी पडावेत म्हणून सही केली, त्याचे भ्रूण सरावाला वापरणे म्हणजे त्या सहीचा अर्थ परस्पर बदलणे आहे. केंद्राचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. त्यांच्या दृष्टीने तो चौकोन कागदावरची एक औपचारिकता होती, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

भ्रूण संशोधनाला देणे म्हणजे प्रत्यक्षात काय होते, हे समुपदेशनात सांगायला दहा मिनिटेही लागू नयेत. पाचव्या दिवशी भ्रूण डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसतो. त्याच्या आत पेशींचा एक लहानसा पुंजका असतो आणि त्या पेशींपासून पुढे शरीरातली कोणतीही ऊती घडू शकते. तो पुंजका वेगळा काढून वाढवला की भ्रूणीय मूलपेशींची सेल लाइन, म्हणजे एकाच मुळातून वाढत जाणारा पेशींचा साठा तयार होतो, आणि त्या पेशी वर्षानुवर्षे विभागत राहू शकतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी 1998 मध्ये माणसाच्या भ्रूणापासून अशी लाइन पहिल्यांदा मिळवली. नेहमीच्या पद्धतीत पुंजका काढताना भ्रूण संपतो, आणि सगळा नैतिक वाद या एका वाक्यातून उभा राहतो. दुसरी गोष्ट याहून कमी बोलली जाते. एकदा लाइन तयार झाली की संमती मागे घेता येत नाही, कारण परत घेण्याजोगे काही उरतच नाही. त्या पेशींत आमच्या दोघांचा आनुवंशिक वारसा असणार, म्हणजे आमच्या मुलीशी सख्ख्या भावंडाइतके नाते असलेली माहिती कुठल्यातरी प्रयोगशाळेत कायमची राहणार. नाव काढून टाकले जाते की सांकेतिक क्रमांकाने जोडलेले राहते, हे आई-वडिलांना सही करण्याआधी कळले पाहिजे.

आमच्या घरात या प्रश्नावर एकमत नाही. माझ्या सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका आहेत आणि त्यांचे म्हणणे ठाम आहे की गर्भ धरला त्या क्षणी जीव आला, मग तो पोटात असो वा नळीत. ज्याला पटते त्याने खुशाल करावे, परंतु आपण भरलेल्या करातून हे काम होऊ नये, असे त्या म्हणतात. हा आक्षेप मी हलका मानत नाही. करदात्याला अमान्य असलेल्या अनेक गोष्टींवर सरकार खर्च करते, हे खरे असले तरी ते पुरेसे उत्तर नाही, कारण इथे प्रश्न रस्त्याचा किंवा पुतळ्याचा नसून जीवाचा आहे. ‘नाहीतरी नष्टच होणार आहेत, मग वापरले तर काय बिघडले,’ या युक्तिवादावरही त्यांचे उत्तर तयार असते: मरू देणे आणि वापरून संपवणे या दोन वेगळ्या कृती आहेत. ‘मेडिकल’ला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला देहदान करणारा माणूस स्वतः अर्ज भरून जातो, भ्रूण कोणता अर्ज भरणार, असे त्यांनी मला विचारले आणि त्या प्रश्नापुढे मी बराच वेळ विचार करत राहिले.

माझे मत त्यांच्याहून वेगळे आहे. पाच दिवसांच्या भ्रूणात मज्जातंतू नसतात, एकही अवयव नसतो, आणि या अवस्थेत तो दुभंगून त्याची जुळी होऊ शकतात, म्हणजे तो एक व्यक्ती आहे की दोन, हेसुद्धा ठरलेले नसते. चौदाव्या दिवसाच्या सुमारास शरीराचा अक्ष दाखवणारी रेषा उमटते. ब्रिटनमध्ये भ्रूणसंशोधनाच्या नियमांचा विचार करणाऱ्या वॉर्नॉक समितीने 1984 मध्ये हीच सीमा सुचवली आणि 1990 च्या कायद्याने ती स्वीकारली. आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांतही 14 दिवसांपलीकडे भ्रूण प्रयोगशाळेत वाढवायला मनाई आहे. या टप्प्यावरचा भ्रूण मूल आहे असे मी मानत नाही, आणि तो नुसती वस्तू आहे असेही मानत नाही. म्हणूनच तो विकता येऊ नये, संशोधनासाठी म्हणून मुद्दाम तयार केला जाऊ नये आणि आई-वडिलांच्या पूर्ण माहितीच्या संमतीशिवाय त्याला हात लागू नये, या तीन अटी मला अपरिहार्य वाटतात.

मात्र या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहणार कोण, असे विचारले की मी सार्वजनिक पैशाच्या बाजूला येते. सरकारी निधी नाकारल्याने काम थांबत नाही, ते फक्त नजरेआड जाते. अमेरिकेत 1996 पासून भ्रूण नष्ट होईल अशा संशोधनाला केंद्रीय निधी देण्यास कायद्याने बंदी आहे, आणि थॉमसन यांचे 1998 चे काम खासगी पैशावर झाले. 9 ऑगस्ट 2001 रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्या दिवसापूर्वी तयार झालेल्या सेल लाइनपुरताच सरकारी निधी देण्याचे जाहीर केले. अशा साठाहून अधिक लाइन असल्याचे सांगितले गेले, प्रत्यक्षात संशोधकांना वापरता आल्या त्या वीसेक. साठाहून अधिक लाइनच्या त्या मूळ यादीत मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र या दोन भारतीय संस्थांची नावे होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या लक्षात नाही. ओबामा यांनी मार्च 2009 मध्ये ती मर्यादा उठवली आणि त्याच वर्षी आलेल्या नियमांनी तपशीलवार अट घातली की भ्रूण केवळ अपत्यप्राप्तीसाठी तयार केलेले व उरलेले असावेत, दात्यांना मोबदला दिलेला नसावा आणि लेखी संमती घेतलेली असावी. निधी हवा असेल तर कागद दाखवा, ही सक्ती सरकारी पैशामुळे आली. लाइन तयार करायला सरकारी पैसा नाही आणि तयार झालेली लाइन वापरायला आहे, ही तिथली विभागणी मात्र मला प्रामाणिक वाटत नाही. जे कृत्य अयोग्य मानायचे त्याचे फळ घ्यायचे आणि हात कोरडे ठेवायचे, हे नीतीत बसत नाही.

सरकारी पैसा आला म्हणजे सचोटी आली, असा माझा दावा नाही. दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांना सरकारचा भरघोस पाठिंबा होता, तरी त्यांचे मूलपेशींवरचे निष्कर्ष बनावट निघाले आणि त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक स्त्रियांकडून स्त्रीबीजे घेतली गेली होती, हेही उघड झाले. तेव्हा निधीसोबत प्रश्न विचारण्याची मुभाही हवी.

भारतात सार्वजनिक निधीची बाजू मांडताना मला परदेशाकडे बोट दाखवावे लागत नाही. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईत जन्मलेली हर्षा ही देशातली शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. तिच्यामागे महानगरपालिकेचे केईएम रुग्णालय, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची परळ येथील प्रजनन संशोधन संस्था होती. आज नागपूरच्या खासगी केंद्रात आम्ही जे उपचार पैसे मोजून घेतो त्यांचा या देशातला पाया करदात्यांच्या पैशावर घातला गेला आहे. परळच्याच त्या संस्थेत पुढे काइंड-1 आणि काइंड-2 या भ्रूणीय मूलपेशींच्या लाइन तयार झाल्या. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात मनीषा इनामदार यांच्या गटाने गर्भधारणेसाठी अयोग्य ठरलेल्या, एरवी टाकूनच दिल्या गेल्या असत्या अशा भ्रूणांपासून लाइन मिळवल्या. समुपदेशकांना एवढी दोन उदाहरणे माहीत असती तरी तिसऱ्या पर्यायाला काहीतरी चेहरा आला असता.

कायद्याची माहितीही केंद्राने स्वतःहून द्यायला हवी होती. सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाच्या 2021 च्या कायद्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त 10 वर्षे साठवता येतो. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यावा लागतो किंवा दांपत्याच्या संमतीने, या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संशोधन संस्थेला देता येतो. संशोधनासाठी भ्रूण देशाबाहेर पाठवण्यास पूर्ण मनाई आहे. मूलपेशी संशोधनाच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे काम करणाऱ्या संस्थेत नैतिकता समितीखेरीज मूलपेशी संशोधनासाठी स्वतंत्र समितीही असावी लागते. आमच्या नूतनीकरणाच्या पत्रात 10 वर्षांच्या मर्यादेचा उल्लेख नव्हता, आणि आमचे भ्रूण कोणत्या नोंदणीकृत संस्थेकडे जातील, या प्रश्नाचे उत्तर केंद्रात कोणालाही देता आले नाही. शुल्क भरत राहिले की भ्रूण कायम राहतात, असाच समज प्रतीक्षाकक्षात बसलेल्या दुसऱ्या एका दांपत्याचाही होता.

त्याच प्रतीक्षाकक्षात नाळेचे रक्त साठवणाऱ्या एका खासगी बँकेचे मोठे पोस्टर लावलेले आहे, त्यावर कितीतरी आजारांची नावे आणि हप्त्यांची सोय छापलेली आहे. बाळाच्या स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळरक्त खासगी बँकेत ठेवण्याची शिफारस वैद्यकीय संशोधन परिषद करत नाही. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. ज्या बाळाच्या जनुकांतच तो दोष आहे त्याचे स्वतःचे नाळरक्त त्याला बरे करू शकत नाही, कारण त्या पेशींतही तोच दोष असतो. असे पोस्टर लावणाऱ्या केंद्राने त्याखाली ही एक ओळ लिहिली तर कितीतरी कुटुंबांचे पैसे वाचतील. मूलपेशींच्या नावाने मेंदूच्या पक्षाघातापासून मधुमेहापर्यंत सगळ्यावर इंजेक्शने विकणारे लोकही आपल्या आसपास आहेत. रक्ताच्या काही विकारांसाठीचे प्रत्यारोपण सोडले तर मूलपेशींचे बहुतेक उपचार अजून चाचण्यांच्या टप्प्यात आहेत, आणि चाचणीतल्या उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेणे आपल्या मार्गदर्शक तत्त्वांना मान्य नाही.

तरीही आशेला जागा आहे, आणि ती मी जवळून पाहते. माझ्या नणंदेच्या मुलाला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. जेवायला बसण्याआधी तो पोटाची कातडी चिमटीत धरतो, इन्सुलिनचे पेन टोचतो, मनात आकडे मोजतो आणि मग पहिला घास घेतो. भ्रूणीय मूलपेशींपासून इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी बनवून त्या गंभीर रुग्णांना देण्याच्या एका चाचणीचे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पूर्ण मात्रा मिळालेल्या 12 जणांपैकी 10 जणांना वर्षभरानंतर बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागत नव्हते. त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मात्र घ्यावी लागतात, त्यामुळे आमच्या भाच्यासारख्या मुलासाठी हा उपचार अजून दूर आहे. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये साध्या पेशींनाच मागे वळवून मूलपेशींसारखे करण्याची वाट दाखवली, त्यामुळे भ्रूणांची गरज कमी झाली, परंतु त्या नव्या पेशी नीट घडल्या की नाही हे ताडून पाहायला अजूनही भ्रूणीय पेशीच मापदंड म्हणून लागतात. अशा उपचारांचे मूळ कोणा अनोळखी दांपत्याने विनामोबदला दिलेल्या भ्रूणात असते. त्यातून तयार होणारे औषध केवळ श्रीमंतांनाच परवडणार असेल, तर त्या देणगीचे चीज झाले असे मला वाटणार नाही. सार्वजनिक निधीतून काम झाले तर किमतीवर, पेटंटवर आणि आपल्या सरकारी रुग्णालयांत तो उपचार पोहोचण्यावर बोलण्याचा हक्क तरी समाजाकडे राहतो. सासूबाईंना मी हेच सांगते आणि त्यांना ते पटत नाही, पण आमचे बोलणे थांबलेले नाही.

सेवेपुरते मत द्यायचे तर प्रयोगशाळा आणि साठवणूक यांना मी 5 पैकी साडेचार गुण देईन, शुल्क आणि पत्रव्यवहार यांना 4, आणि संमती व समुपदेशनाला 2. उपचारांसाठी मी हे केंद्र ओळखीच्यांना सुचवते आणि पुढेही सुचवीन. तिथे जाणाऱ्यांनी भ्रूण गोठवण्याच्या पहिल्या सहीआधीच मराठी प्रत मागावी, साठवणूक सुरू झाल्याची तारीख आणि 10 वर्षे पुरी होण्याची तारीख दोन्ही पावतीवर लिहून घ्याव्यात, आणि पतिपत्नींपैकी एकाचे निधन झाले किंवा ते विभक्त झाले तर भ्रूणांचे काय, ही रिकामी जागा आपल्या हाताने भरावी.

आम्ही आमचा तिसरा चौकोन रिकामा ठेवला आहे. संशोधन संस्थेचे नाव व नोंदणी, संशोधनाचा विषय, निधी कोणाचा, ओळख कशी गुप्त राहणार आणि सरावासाठीच्या वापराची संमती वेगळी घेणार का, असे लेखी प्रश्न केंद्राला दिले आहेत. त्यावर केंद्राचा शिक्का आणि आवक क्रमांक मिळाला आहे, आणि संचालक डॉक्टरांनी संमतिपत्र बदलण्याविषयी आपल्या नैतिकता समितीपुढे विषय ठेवण्याचे कबूल केले आहे. उत्तर मिळेपर्यंत पहिल्या पर्यायावर खूण करून या वर्षाचे शुल्क भरले आहे.